गाठ तीच, कातडी निराळी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टिल्लू पेंटर सायकल मारत बदलापूरला आला, तेव्हा मी दवाखान्यामागच्या पडवीत सुया उकळायला ठेवत होते. टिल्लू हा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. एवढ्या लांब तो पाटी रंगवायला येणार नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. सायकल भिंतीला टेकवून तो म्हणाला, "सिस्टर, दादी गयी." मी त्याच्यावर खेकसलेच, "कुठं गेली? अंथरुणातून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं ना मी!" टिल्लू नुसता हातातली टोपी चुरगाळत उभा राहिला. मग कळलं. आणि खरं सांगायचं तर मला आधी रडू आलं नाही, संताप आला. कावीळ झालेल्या माणसानं, तेही स्वतः डॉक्टर असलेल्या माणसानं, पेशंट तपासत बसायचं म्हणजे काय! आदल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, "दादी, तुमचे डोळे पिवळे दिसताहेत." तर म्हणाली, "मालूम आहे. आरशात बघितलं मी. माझ्या रंगावर पिवळा लगेच दिसतो, यात तुझी काय हुशारी?" असं बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

वर्तमानपत्राच्या या पुरवणीत मोठ्या माणसांवर लिहून येतं. दादी तशी मोठी नव्हती. तिच्या नावाची पाटी टिल्लूनं रंगवलेली, तीही एका बाजूला कललेली. पण भातं कापून झाली तरी माझा राग उतरत नाही, आणि तो कुठंतरी मांडल्याशिवाय उतरेल असं वाटत नाही, म्हणून लिहिते आहे.

कागदोपत्री ती डॉ. रुक्मिणी होती, पण त्या नावानं तिला कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. सिंधीत दादी म्हणजे आजी नव्हे, थोरली बहीण. कॅम्पातले म्हातारेसुद्धा तिला दादी म्हणत. फाळणीनंतर हैदराबाद सिंधहून धाकट्या भावाला घेऊन ती बोटीनं मुंबईला उतरली आणि तिथून कल्याण कॅम्पात आली. उल्हासनगर हे नाव नंतर पडलं. लष्करानं सोडलेल्या लांबलचक बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे लावून केलेल्या खोल्या, आणि त्यातल्या एका अर्ध्या खोलीत तिचा दवाखाना. सामानात एक पत्र्याची पेटी आणि कातडीच्या रोगांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. दागिन्यांची पिशवी मागं राहिली आणि पुस्तक आलं, असं तिचा भाऊ चिडून सांगायचा.

आमच्या बदलापूरच्या दवाखान्यात तेव्हा बाई डॉक्टर नव्हती. बायका पुरुष डॉक्टरला जीभसुद्धा धड दाखवायच्या नाहीत. म्हणून दर गुरुवारी दादी यायला लागली. मी तिथली नर्स, राहणारी बेलवलीची. पहिल्या दिवशी तिला मराठीचे चार शब्दही येत नव्हते. मी तांब्या पुढं केला आणि म्हटलं, "पाणी आहे." ती खुर्चीतून उठलीच. "आहे? तुम्ही पण 'आहे' म्हणता? आम्ही पण 'आहे' म्हणतो! पाणी आहे!" सगळं मागं टाकून आलेल्या त्या बाईला एका 'आहे'चा एवढा आनंद झाला, की पुढं कितीतरी दिवस तिचं निम्मं मराठी त्या एका शब्दावर चाललं. हा दुखतो आहे? इथे आहे? रात्री पण आहे? लिंग चुकायचं, क्रियापद चुकायचं, पण पेशंटला कळायचं. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायची. इथं 'ती' लिहिते आहे, कारण मनात ती माझ्यासाठी कधीच 'तुम्ही' नव्हती.

तिचं खरं वेड गाठींचं. आपण ज्याला चरबीची गाठ म्हणतो, ती. तो शब्द ऐकला की ती टेबलावर हात आपटायची. "चरबी नाही! या बाईच्या अंगावर चरबी आहे कुठे? हाडं आहेत नुसती." मग समजावून सांगायची. कातडी रोज थोडी मरते आणि झडून पडते. कधी काट्यानं, सुईनं तिचा एखादा कण आत ढकलला जातो, नाहीतर केसाचं तोंड बुजतं, आणि मग ती आतल्या आत झडत राहते. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून साठत जाते, तिची पिशवी बनते. एवढंच. ना लागण, ना शाप. बहुतेक वेळा काढलीही नाही तरी बिघडत नाही. पण ओळखता आली पाहिजे... आणि घोडं तिथंच अडायचं.

पुस्तकात लिहिलं होतं, की गाठीच्या मध्यावर काळं टिंब दिसतं. चित्रही तसंच होतं, गोरी पाठ, तिच्यावर गुलाबी फुगवटा, मधोमध ठिपका. कॅम्पातल्या एखाद्या गोऱ्या शेटच्या मानेवर ते टिंब दिसायचंही. पण अंबरनाथच्या बुवापाड्यातून येणाऱ्या, देशावरच्या उन्हात रापलेल्या कामगाराच्या पाठीवर ते शोधावं लागायचं, आणि बारवी नदीच्या अंगाच्या वाड्यांवरून उतरणाऱ्या ठाकरांच्या काळ्या तुकतुकीत कातडीवर काळं टिंब दिसणार कुठून? गाठ पिकली की लाल होते, असंही पुस्तक सांगायचं. काळ्या कातडीवर ते लाल दिसतच नाही. जांभळट सावली पडते, पुष्कळदा तीही नाही. सुरुवातीच्या काळात दादीनंच एका ठाकर पोराच्या मानेवरची गाठ साधी समजून कापली आणि ती क्षयाची निघाली. जखम कितीतरी महिने वाहत राहिली. पोर बरं झालं, पण दादीनं ते पुस्तक मिटून पेटीत टाकलं. त्यानंतर ती पेशंटला दारात, तिरक्या उन्हात बसवायची आणि बोटांनी बघायची. गाठ हलते का, हलताना एकाच ठिकाणी कातडीला धरून राहते का, कातडी ताणली की तिथं खळी पडते का, दाबली तर मळलेल्या कणकेसारखी दबते का. "टिंब दिसत नाही तर नको दिसू दे," ती म्हणायची, "बोटाला लागतं ना!"

पण हे ऐकायला कुणाला वेळ होता? गाठ तीच, पण माणूस बघून तिचं नाव बदलायचं. कापडवाल्या शेटच्या मानेवर ती चरबीची गाठ, कॉलर घासते म्हणून काढून टाकायची. बुवापाड्यातल्या कामगाराच्या मानेवर तीच गाठ क्षयाची. तो बिचारा काम सोडून घरी बसलेला, बायकोनं त्याचं ताट-वाटी वेगळं केलेलं. आणि ठाकरणीच्या कानावर... ठाकरणीच्या कानावर तो महारोग.

ही ठाकरीण म्हणजे बुधी. बारवीकडच्या एका चढावरच्या वाडीतली. नवरा गोमा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर, एक लहान मुलगी. बुधीचे कान लहानपणी काट्यानं टोचलेले, पुढं जड बाळ्या घालून भोकं ओघळली आणि दोन्ही पाळ्यांत गाठी धरल्या. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग एकदा महारोगाची पाहणी करायला कुणी साहेब वाडीवर आले. ऊन चढलेलं, साहेब घामाघूम. रांगेतल्या बुधीकडं त्यांनी लांबूनच छडी केली आणि म्हणाले, "हिच्या पाळ्या जाड आहेत. हिला वेगळी ठेवा." महारोगात पाळ्या जाड होतात, हे खरं आहे. पण सबंध पाळी जाडावणं निराळं आणि पाळीत बोरासारखी गाठ असणं निराळं, आणि ते कळायला बोट लावावं लागतं. साहेब उतरून गेले. वाडीनं ओढ्यापलीकडं पळसाखाली कुडाची खोपी घातली आणि बुधीला तिकडं धाडलं. मुलगी नवऱ्याकडं राहिली. भाकरी ओढ्यातल्या दगडावर ठेवून माणूस पाठ फिरवायचा, मग बुधीनं यायचं आणि उचलायची.

एका गुरुवारी बुधी कुणाला न सांगता खाली आली. बातमी तिच्याआधी उतरली होती. ती दारात दिसताच बाकावरच्या बायका उठून भिंतीला लागल्या. दादीनं काही विचारायच्या आधी दोन्ही हातांनी तिच्या दोन्ही पाळ्या धरल्या आणि उघड्या बोटांच्या चिमटीत फिरवत बसली. बुधी थरथरायला लागली. "दुखतो आहे?" दादीनं विचारलं. बुधी म्हणाली, "नाय बाय. इतक्या दिसांत कोनी हात लावला नाय, म्हून."

त्यानंतर दादीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. कापसाची वात अंगभर फिरवली, कुठं बधिर नाही. गरम आणि गार पाण्याच्या बाटल्या लावल्या, बुधीनं प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. कोपराजवळची शीर जाड नाही, भुवया शाबूत. पाळीला बारीक चीर देऊन काचेवर नमुना घेतला, मुंबईला पाठवला. महारोगाचे जंतू नाहीत, असं उत्तर आलं. ते घेऊन आम्ही दोघी त्या साहेबांना भेटायला गेलो. साहेब म्हणाले, "एकदा सापडले नाहीत म्हणजे नाहीतच असं नसतं, बाई." दादीनं विचारलं, "तर मग आणखी किती वेळा?" "बघत राहा." "तुम्ही तिला हात लावला होता?" साहेबांनी शिपायासाठी घंटी वाजवली. बाहेर आल्यावर दादी सिंधीत जे काही बोलली, ते मला कळलं नाही आणि कळलं असतं तरी इथं लिहिता आलं नसतं.

"कागद नको," शेवटी ती म्हणाली, "डोळ्यांनी बघू दे त्यांना." होळीच्या आधी आम्ही वाडीवर चढलो. बुधीच्या खोपीसमोर बाज टाकली, चुलीवर हत्यारं उकळली. ओढ्याच्या अलीकडं सगळी वाडी उभी. पुढं कारभारी धाऊ, ज्याचा शब्द वाडीत शेवटचा. शेजारी गोमा, मुलीला खांद्यावर घेऊन. दादीनं ओरडून सांगितलं, "आत पिशवी आहे. मी काढते. तुम्ही बघा, मग बोला." बधिर करायची सुई दिली, डाव्या पाळीला चीर दिली... आणि पिशवी फुटली. पाळीचं कातडं पातळ, कुणाच्याही हातून झालं असतं. पांढरा लगदा बाहेर आला, आणि त्याचा तो वास. नेमका वारा ओढ्याकडं वाहत होता. जमलेल्यांतली एक बाई म्हणाली, "सडला गं, आतून सडलाय कान!" सगळी माणसं मागं सरकली. मी दादीकडं पाहिलं. तिच्या ओठावर घाम होता. तिनं तो कान साफ केला, टाके घातले आणि उजव्या कानाकडं वळली.

दुसरी गाठ तिनं इतक्या सावकाश सोडवली, की बाजेवरची बुधीच म्हणाली, "झाला का बाय?" ती अख्खी निघाली. बोराएवढी, पांढरी, गुळगुळीत. दादीनं ती पळसाच्या पानावर घेतली, चपलांसकट ओढ्यात शिरून अलीकडं आली, धाऊच्या नाकासमोर धरली आणि चिरून दाखवली. "ही कातडी आहे. आतल्या आत मेलेली. रोग नाही." धाऊनं वाकून बघितलं. गोमा पुढं आला, मुलीला खाली उतरवलं. "म्हंजे तिला तो रोग नाय? घ्या शपथ." दादी म्हणाली, "नाही. शपथ आहे."

इथं थांबायचं होतं. इथं थांबली असती तर बुधी त्याच संध्याकाळी आपल्या घरात भाकऱ्या थापत बसली असती. पण दादी कुठली थांबायला! तिनं पलीकडच्या खोपीकडं हात केला आणि तिचा आवाज चढला. "आणि असता तर? असता महारोग, तर असं टाकायचं होतं तिला, ओढ्यापलीकडं? आता गोळ्या आहेत त्याच्यावर! घरात राहून बरा होतो माणूस!" मग गोमानं मुलीला परत उचललं. "आयकला का," तो धाऊला म्हणाला, "असता तर, बोलते ती. म्हंजे आसंल." धाऊनं नुसती मान डोलावली. माणसं पांगली. बुधी बाजेवर बसून होती, दोन्ही कानांना पट्ट्या, आणि ती काही आमच्याकडं बघत नव्हती. ती पोरीची पाठ बघत होती.

उतरताना मी वाटभर भांडले. "दादी, तुम्हाला शेवटचं वाक्य बोलायची काय गरज होती? काम झालं होतं!" ती पुढं चालत राहिली. ओल्या चपला हातात, अनवाणी. खाली रस्ता लागल्यावर म्हणाली, "कुसुम, मी नसते बोलले तर बुधी सुटली असती. पण पुढच्या बाईला खरंच तो रोग असेल, तर? तिच्यासाठी खोपी तयारच आहे." मी म्हटलं, "पुढच्या बाईचं पुढं बघितलं असतं." ती म्हणाली, "पुढं कोण बघतं?" हे तिचं बरोबर होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. ज्या बाईचे कान तिनं कापले, तिच्याच पदरात त्या खरेपणाची किंमत पडली, एवढं मात्र मी पाहिलं. पावसाळ्याच्या तोंडाला गोमानं दुसरी बाई घरात आणली. दादीनं बुधीला कॅम्पात बोलावलं, काम देते म्हणाली, राहायला जागा देते म्हणाली. बुधीनं नाही म्हणून मान हलवली. "माझी पोर वर हाय, बाय. खाली येऊन काय करू?" सबंध पावसाळा ओढा भरून वाहत होता आणि ती पलीकडं एकटी होती.

पुढच्या उन्हाळ्यात धाऊला चार माणसांनी बाजेवर घालून खाली आणलं. पुरुष असूनही गुरुवारी, थेट दादीकडं. त्याच्या पाठीवर, खांद्याखाली, लिंबाएवढी गाठ होती. वाडीला ती कित्येक वर्षं ठाऊक होती, तिला कुणी काही म्हणत नव्हतं. ती आता आतून पिकली होती. त्याला पाठ टेकता येत नव्हती. आधी कुणी डॉक्टरनं बघितलं होतं म्हणे, पण वरून लाल काही दिसेना म्हणून चोळायला मलम देऊन परत पाठवलं होतं. दादीनं पाठीवर पालथा हात ठेवला. "तापली आहे," म्हणाली, "कातडी सांगत नाही, पण हाताला सांगते आहे." पू काढला, आणि पुढं जखम निवल्यावर पिशवीही काढली. या वेळी तिनं कुणाला काही दाखवलं नाही. धाऊच मागं वळून बघत राहिला आणि म्हणाला, "बुधीच्या कानात होता तसाच हाय."

"तसाच नाही," दादी म्हणाली, "तोच आहे."

दादी हात धूत म्हणाली, "मग धाऊ, तुला कुणी ओढ्यापलीकडं ठेवलं?" त्यानं बंडी घातली आणि पट्टी बदलायला कधी येऊ, ते विचारलं. पण त्या पावसाळ्याआधी वाडीच्या माणसांनी पळसाखालची खोपी मोडली, आणि तिचेच वासे वापरून वाडीच्या आत, धाऊच्या घराला लागून, बुधीला घर उभं करून दिलं. मुलगी तिच्याकडं आली. गोमा दुसऱ्या बाईकडंच राहिला. माफी कुणीच मागितली नाही, आणि झालं ते चुकीचं होतं असंही कुणी म्हटलं नाही.

मी ही बातमी दादीला नाचत सांगितली. ती हसली नाही. "मी सांगितलं, तेव्हा पटलं नाही. काचेवरच्या नमुन्यानं सांगितलं, तेव्हा पटलं नाही. त्याच्या पाठीनं सांगितलं, तेव्हा पटलं," ती म्हणाली. "म्हणजे आता मी काय करू? प्रत्येक वाडीच्या कारभाऱ्याला गाठ येईपर्यंत वाट बघू?"

तेव्हा तिच्या डोक्यात चित्रांचं आलं. फोटोत काही दिसत नाही, काळं-पांढरं सगळं सारखंच. म्हणून तिनं टिल्लूला धरलं. एकच गाठ, चार कातड्यांवर. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी. पाट्या रंगवणारा तो, बिचारा रोज संध्याकाळी कॅम्पातल्या दवाखान्याच्या दारात पेशंटच्या पाठीसमोर ब्रश घेऊन बसायचा. "दादी, फोड काढायचा तर लाल रंग तर पाहिजेच," तो म्हणायचा. "तुला दिसतो आहे का लाल?" "नहीं, पण असतो ना!" "दिसतो तेच काढ!" सावळ्या पाठीसाठी त्यानं किती रंग मिसळले आणि पुसले, त्याचा हिशोब नाही. पण चित्रं झाली तेव्हा मी बघतच राहिले. काळ्या पाठीवरची ती जांभळट, तुकतुकीत, किंचित ताणलेली जागा... मी इतकी वर्षं नर्सगिरी करतेय, मलाही ती पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटली.

ती चित्रं घेऊन आम्ही मुंबईला गेलो, जिथं मुलांना डॉक्टरकी शिकवतात अशा एका मोठ्या ठिकाणी. सकाळपासून बसलो होतो, दुपारी एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आत बोलावलं. चित्रं उभ्याउभ्याच चाळली. "छान आहेत. रंगकाम कुणाचं?" दादीनं सांगितलं, पाट्या रंगवणाऱ्याचं. ते हसले. "बाई, रोग कातडीला होतो, जातीला नाही. गाठ ती गाठ." दादी म्हणाली, "तेच तर मी म्हणते आहे. गाठ तीच आहे. मग तुमच्या पुस्तकात कातडी एकच का आहे?" त्यांनी घड्याळ बघितलं. चित्रं ठेवून जा, बघू, असंही म्हणाले नाहीत. परतीच्या वाटेवर कल्याण आल्यावर तिनं मला विचारलं, "कुसुम, माझं मराठी बरोबर होतं ना? त्यांना कळलं ना मी काय बोलले?" मी म्हटलं, "सगळं बरोबर होतं, दादी." खरोखरच होतं. लिंगसुद्धा चुकलं नव्हतं.

ती चित्रं आज टिल्लूच्या दुकानात, पत्र्याला टेकून उभी आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, ही कसली जाहिरात म्हणून. यंदा पावसानंतर कॅम्पात कावीळ बरीच होती. दादीला झाली, तिनं ती ओळखली, आणि तरीही बाकावर बाई बसलेली दिसली की उठून तपासायला जायची. शेवटी भावानं दवाखान्याला कुलूप लावलं, तर तिनं खिडकीतून पेशंट बघितले. मी पथ्याचं दिलं, तर ते शेजारच्या बाळंतिणीला पाठवलं. रागवायचं तरी किती, आणि आता कुणावर...

बुधीला कुणी सांगितलं नसणार, हे माझ्या उशिरानं लक्षात आलं. गेल्या आठवड्यात मी वाडीवर गेले. ती खळ्यावर भात झोडत होती, मुलगी पेंढ्या आणून देत होती. चांगली उंच झाली आहे. मी सांगितलं. बुधीच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "कशानं?" "काविळीनं." "कवा?" "दसऱ्याला." ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग एकदम तापली. "आनि माला आता सांगतेस? माझ्यासाठी ती वर चढली व्हती. मी खाली आली नसती? बसली असती मी तिच्या उशाला, उठू दिली नसती!" मी म्हटलं, "तिनं कुणाचं ऐकलं असतं का, बुधी?" "माझा आयकला असता," ती म्हणाली आणि पेंढी फळीवर अशी आपटली, की दाणे माझ्या पायापर्यंत उडाले. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली. मी खळ्याच्या कडेला बसून राहिले. दादीवर रागावलेलं आणखी एक माणूस भेटलं, म्हणून मला उगीच बरं वाटत होतं.

दवाखान्यात अजून बाई डॉक्टर आलेली नाही. कधी येणार, ते कुणी सांगत नाही. परवाच्या गुरुवारी मी दार उघडलं, तर बाकावर बुधी बसली होती. डोक्यावरून पदर, पायांवर वाटेची धूळ. पहाटेच निघाली असणार. तिच्या शेजारी आणखी दोघी-तिघी. मी घाबरूनच विचारलं, "काय होतंय गं तुला?"

"काय नाय."

"मग पोरीला?"

"तिला पन काय नाय."

"मग इतक्या लांब कशाला आलीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मलाच समजत नाही. मग सरकून बाकावर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाली, "गुरवार हाय ना."